त्रेचाळीस माणसे आणि एक खुर्ची

कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. हा धडा मला पपांनी माझ्या आठव्या वर्षी दिला आणि पुढे एकतीस वर्षे मी तो प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिला. कोपर टेबलावर टेकलेले असावे. पाती पूर्ण मिटू देऊ नयेत, कारण पाती मिटली की कापाला दाता पडतो. आतले कोपरे, म्हणजे बगल, गुडघ्यामागची जागा, हनुवटीखालचा भाग, दोन्ही बाजूंनी येऊन कापावेत. या नियमांनी कापलेल्या चित्राच्या कडेवरून बोट फिरवले तर बोटाला कुठे काही लागत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगते आहे, कारण या प्रकरणात जे घडले ते याच कौशल्यामुळे घडले, आणि आमच्या घरात ते माझ्याइतके दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

आम्ही श्रीरामपूरला मिशनच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि शेवग्याचे एक झाड. आवाराच्या भिंतीपलीकडे रेल्वेचे रूळ होते. मालगाडीचे डबे जोडताना होणारा दणका पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत धावत जाई, आणि आई तो संपेपर्यंत थांबून मगच आपले अर्धे राहिलेले वाक्य पुरे करी. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास घडी घातलेल्या कपड्यांनाही येई. शनिवारी दुपारी आमच्याकडे हुलग्याची शेंगोळी असत आणि रविवारी उपासनेनंतर मटण आणि बाजरीची भाकरी. या क्रमात मी लग्न होऊन जाईपर्यंत फरक पडलेला मला आठवत नाही. पपा मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते, चर्चच्या मंडळीत वडील होते, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, आणि रविवारी सकाळी उपासनेआधी भरणाऱ्या मुलांच्या शब्बाथ शाळेचे प्रमुखही होते. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. आवारातल्या बायका आईला म्हणत, तुमचं नशीब बाई.

शब्बाथ शाळेचे मुख्य साधन म्हणजे फ्लॅनेलचा फळा. लाकडी चौकटीवर निळे फ्लॅनेल ताणून बसवलेले असे. कागदी माणसाच्या पाठीला फ्लॅनेलचाच तुकडा डकवला की तो माणूस फळ्यावर नुसता टेकवला तरी चिकटून राही, आणि गोष्ट सांगता सांगता त्याला उचलून दुसरीकडे नेता येई. परदेशातून येणारे छापील संच आम्हाला पुरत नसत. म्हणून पपा जुनी कॅलेंडरे, नाताळची कार्डे, मासिकांची पाने जमवत. लांब झगा आणि पायात वहाणा घातलेला कोणीही दिसला की तो आमच्या कामाचा. साबणाच्या जाहिरातीतला एक दाढीवाला म्हातारा आमच्याकडे सात वर्षे अब्राहाम होता. मैद्याची खळ आई शिजवी, तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाली, आणि शनिवारी दुपारी जेवण आटोपल्यावर पडवीतल्या टेबलावर आमचे काम सुरू होई. पपा धडा वाचत, मी कापत असे, आणि माझा भाऊ सुबोध पाठीला फ्लॅनेल डकवी. मी त्याला दादा म्हणे. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा होता.

दादाला आवाज होता. आमच्या मंडळीत गाणारे पुष्कळ होते, पण ते सर्व एकत्र गात तेव्हा बरे वाटत. दादाचे तसे नव्हते. मिशनच्या इस्पितळात नर्सेसना शिकवणाऱ्या एक परदेशी बाई होत्या. सगळे त्यांना मिस म्हणत. चर्चमध्ये पायपेटीही त्याच वाजवत. त्यांनी दादाला बसवून स्वर शिकवले, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवले. मायदेशी कायमचे परतताना त्यांनी आपला तबकड्या वाजवण्याचा प्लेअर शब्बाथ शाळेला दिला आणि एक अल्बम दादाला दिला. प्लेअर अर्थातच पपांच्या ताब्यात आला. म्हणजे गाणे दादाचे आणि ते वाजवण्याचे यंत्र पपांचे, अशी विभागणी झाली.

तो अल्बम म्हणजे रॉक संगीतात रचलेले एक संपूर्ण नाटक होते. दोन तबकड्या, चार बाजू. गद्य संवाद एकही नाही. प्रत्येक पात्राला वेगळा गायक आणि सोबत शब्दांची छापील पुस्तिका. कथा मी दादाकडून ऐकली होती. एका नगराने एका माणसावर खटला भरलेला असतो. त्याचा गुन्हा कोणता, हे चारही बाजू संपल्या तरी सांगितलेले नाही. नगरातले लोक एकेक करून पुढे येतात आणि साक्ष देतात. गिटार आणि ढोल यांचा आवाज असा की पडवीतल्या टेबलावरचे पेले वाजत. आमच्या शेजारी रूथमावशी राहत. त्या इस्पितळात आया होत्या आणि त्यांचे माहेर कर्जतकडचे होते. त्या भिंतीवरून डोकावून म्हणत, "मिस ग्येली आन् ह्या पोराला येड लावून ग्येली. हे गानं हाय व्हय रं, सुबोध? म्हशीला सुई टोचल्यावानी वरडतंय."

"मावशी, तो न्यायाधीश आहे," दादा म्हणे.

"आसंल बाबा. आमच्या गावचा तलाठी बी आसाच वरडतो."

पण माझे लक्ष गाण्याकडे फार नसे. माझे लक्ष वेष्टनाकडे असे. ते जाड पुठ्ठ्याचे होते आणि पुस्तकासारखे उघडत असे. बाहेरची बाजू पूर्ण काळी, आणि त्या काळ्यात पुढच्या पानावर एक लाकडी खुर्ची, रिकामी. बस, एवढेच. नाव नाही, अक्षर नाही. उघडले की आत मात्र दोन्ही पाने भरून सगळे नगर उभे होते. झगे घातलेले, डोक्याला फडकी बांधलेले, कमरेवर हात ठेवलेले, मूल उचलून घेतलेले लोक. मी मोजले होते. त्रेचाळीस माणसे. त्यांतली बेचाळीस एकाकडे पाहत होती. तो त्रेचाळिसावा डाव्या पानावर पाठमोरा उभा होता, मनगटे मागे दोरीने बांधलेली, मान किंचित वळवलेली, त्यामुळे गालाची कड आणि एक डोळा एवढेच दिसे. एकदा दादा कॉलेजला गेलेला असताना मी फूटपट्टी घेऊन मापे घेतली आणि माझ्या लक्षात आले की बाहेरची खुर्ची आणि आतला हा माणूस पुठ्ठ्याच्या बरोबर एकाच जागी, पाठीला पाठ लावून आहेत. चित्रकाराने हे मुद्दाम केले होते. दादाच्या हे लक्षात आले होते की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी त्याला सांगितले नाही, कारण मग मी वेष्टनाला हात लावला हे त्याला कळले असते.

त्याने मला ते हाताळू दिले नव्हते. एका शनिवारी मी मागितले तेव्हा तो म्हणाला, "तुझे हात खळीचे आहेत. लांबून बघ." हात खरोखरच खळीचे होते. मी ते धुऊन आले. तो म्हणाला, "तरी नको, विमल. तू प्रत्येक गोष्टीकडे कापायला घेतल्यासारखी बघतेस." रूथमावशी भिंतीपलीकडून हसल्या. मी बारा वर्षांची होते. मुलांना शिकवताना मी पुढे कायम लक्षात ठेवले की बारा वर्षांचे मूल अशी गोष्ट विसरत नाही. ते तिची नीट घडी घालून ठेवते.

त्या हिवाळ्यात मंडळीत तरुणांचा रविवार झाला. त्या दिवशी दादाने एक गीत एकट्याने गायले. शब्द मराठी होते, चाल संथ. "कुणीतरी माझे नाव घ्या हो, अंधार एवढा तरी सरेल," अशी त्याची सुरुवात होती. मिस गेल्यावर पायपेटी कोणी उघडली नव्हती. तो साथीशिवाय गायला. चर्चमध्ये नेहमी कोणीतरी खोकत असते, कोणाचे तरी मूल रडत असते. त्या चार मिनिटांत खोकला आला नाही. रूथमावशींनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पपांचा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला हेच गीत सुबोधने म्हणावे. आणि मी पुण्याला पत्र लिहितो. तिथे चर्चसंगीताचे एका वर्षाचे शिक्षण देतात. असा आवाज इथे ठेवून काय करायचा?" पपांनी मान खाली घालून स्तुती स्वीकारली. दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. पुण्याचे ते वर्ष त्याला किती हवे होते, हे मला माहीत होते. मिस गेल्यापासून तो आईजवळ दुसरे काही बोलतच नसे.

घरी आलो. आईने पाने वाढली. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. प्रार्थना झाली. पपांनी पहिला घास घेतला आणि प्रसन्नपणे विचारले, "सुबोध, गीत कोणत्या संग्रहातले?"

"जुनं आहे, पपा," दादा म्हणाला. "मिसनं शिकवलेलं."

कोणी पुढे विचारणार नव्हते. पपा भाकरी मोडत होते. आई रस्सा वाढायला वाकली होती. बाहेर मालगाडी जोडली जात होती आणि तो दणका आमच्या भिंतीला लागून पुढे सरकत होता. मी तो संपू दिला.

"ते त्या अल्बममधलं आहे," मी म्हणाले. "दुसरी तबकडी, पहिली बाजू, तिसरं गाणं. बांधलेला माणूस म्हणतो ते. दादानं फक्त शब्द मराठी केले."

माझ्या आवाजात राग नव्हता. वर्गात उत्तर द्यावे तसे मी ते दिले, पूर्ण वाक्यांत. माहिती अचूक होती. मी अनेक वर्षे स्वतःला हेच सांगत आले की मी चूक दुरुस्त केली, आणि आमच्या घरात चूक दुरुस्त करणे हे चांगल्या मुलीचे लक्षण होते. आता या वयात लिहिताना तेवढे पुरत नाही. उत्तर देताना माझ्या तोंडाला पाणी सुटले होते, आणि ते मटणामुळे नव्हते.

पपांनी हात धुतले. मग दादाला म्हणाले, "ती पुस्तिका आण."

दोन दिवस ती पुस्तिका त्यांच्या टेबलावर होती. निबंध तपासतात तशी त्यांनी ती तांबड्या पेन्सिलीने तपासली. सतरा ठिकाणी खुणा होत्या, आणि शेवटच्या पानाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात शेरा होता, "शेवटी तो उठत नाही," म्हणजे येशूसारखा मरणातून पुन्हा उठत नाही. खाली सही. पुस्तिका त्यांनी दादाला परत दिली. बुधवारच्या प्रार्थनासभेत दादा उभा राहिला आणि त्याने पपांनी लिहून दिलेली दोन वाक्ये म्हटली, गीत कुठले होते आणि आपण घरी काय सांगितले. पाळकसाहेब नंतर म्हणाले, "गुरुजी, गीत तर वाईट नव्हतं." पपा म्हणाले, "मी गीताबद्दल बोलत नाही. मुलाने दिलेल्या उत्तराबद्दल बोलतो. ज्याचं उत्तर खरं नाही त्याला मंडळीच्या खर्चानं शिकायला पाठवावं का, हे आपणच ठरवा." पाळकसाहेबांनी ते ठरवले. ईस्टरला कोणी दुसरेच गाणार होते.

इथे प्रकरण संपले असते तर ते इतर घरांतल्यासारखे एक प्रकरण झाले असते. पण पपा शिक्षक होते आणि शिक्षा ही उपयुक्त असली पाहिजे असे त्यांचे मत होते. त्या शनिवारी शेंगोळ्यांचे जेवण झाल्यावर त्यांनी दादाला वेष्टन आणायला सांगितले. तबकड्या काढून त्यांनी दादाच्या हातात दिल्या. "या तुझ्या आहेत. या मी घेणार नाही, ती चोरी होईल." मग त्यांनी वेष्टन उघडून टेबलावर पसरले आणि बराच वेळ पाहिले. "माणसं उत्तम आहेत," ते म्हणाले. "झगे, वहाणा, सगळं योग्य. गुड फ्रायडेपर्यंत सहा शनिवार आहेत. दर शनिवारी सात. सुबोध, आज कोणते सात? तू निवडायचे."

दादाने तबकड्या छातीशी धरल्या.

"घाई नाही," पपा म्हणाले. "आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. पपांनी वाट पाहण्याची कला वर्गात कमावली होती. पाऊण तासाने दादाने बोट ठेवले. कोपऱ्यातल्या, मागच्या रांगेतल्या माणसांवर, एकेक करत सात वेळा. मी कापायला सुरुवात केली. पुठ्ठा जाड होता, कागदापेक्षा वेगळा वागत होता. पण पहिली दोन माणसे झाल्यावर त्याची जात मला कळली, आणि मग काम इतके सुंदर होऊ लागले की मला आजूबाजूचे भान राहिले नाही. मी कापून पुढे सरकवी, दादा पाठीला खळ लावून फ्लॅनेल डकवी. फ्लॅनेलखाली पाठीचा काळा रंग झाकला जाई.

दुसऱ्या शनिवारी कात्री सापडेना. पपांनी आवाज न चढवता आईला विचारले. आई आत गेली आणि पिठाच्या डब्यातून कात्री काढून घेऊन आली. पात्यांना बाजरीचे पीठ लागले होते. "पुसून घे," पपा मला म्हणाले, आणि आईला म्हणाले, "गंजली असती." आईने पुढे काही केले नाही. पण त्या दिवसापासून शनिवारी ती खळ शिजवून ठेवी आणि रूथमावशींकडे जाऊन बसे.

दादाने निवडीचा एक क्रम ठरवला होता, हे मला तिसऱ्या शनिवारी समजले. तो कडेकडेने आत येत होता. ज्यांना नाटकात एखादीच ओळ आहे ते आधी, मग साक्षीदार, मग न्यायाधीश. बांधलेल्या माणसाच्या भोवतीची जागा रिकामी होत चालली होती. वेष्टन आता माणसांच्या आकाराच्या भोकांचे झाले होते. शब्बाथ शाळेतली मुले मात्र खूश होती. न्यायाधीशाचा मिसरचा राजा फारो झाला. मूल कडेवर घेतलेली बाई अब्राहामाने घालवून दिलेली हागार झाली. पपा गोष्ट सांगत आणि दादाला शेजारी उभे करून माणसे टेकवायला लावत. रूथमावशी मला एकदा पाण्याच्या नळापाशी म्हणाल्या, "लई नीट कापतीस गं तू. हात बी थरथरत न्हाई तुजा." मी ती स्तुती समजून घरी येऊन पपांना सांगितली. पपांनी वाचत असलेले पान उलटले, आणि मला नवल वाटले.

सहा साते बेचाळीस. हा हिशेब पपांनी पहिल्याच दिवशी केला होता, मी केला होता, आणि दादानेही केला असणार. बेचाळीस झाल्यावर एक उरतो. मला वाटते त्या एकावर त्याने सहा आठवडे काढले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पपांनी पुन्हा टेबल मांडले. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता आणि मुलांना वधस्तंभाचा, म्हणजे दोन चोरांच्या मधे खिळलेल्या येशूचा, धडा द्यायचा होता.

"छापील संचातला एक चोर फाटला आहे," पपा म्हणाले. "डावीकडचा. हा चालेल."

"तो नको, पपा," दादा म्हणाला. सहा आठवड्यांत तो टेबलाशी पहिल्यांदाच बोलत होता.

"कारण सांग."

चार मिनिटे सगळे चर्च शांत ठेवणारा दादाचा आवाज मला पडवीत नीट ऐकूही आला नाही. "राहू द्या," तो म्हणाला. "एवढा राहू द्या. बाकीचे दिलेच ना."

पपांनी चष्मा काढला. ते खरोखर विचार करत होते, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. मग ते माझ्याकडे वळले. "विमल, काम तुझं आहे. तू ठरव. कापायचा का?"

मला पपांनी आयुष्यात पहिल्यांदा काही ठरवायला सांगितले होते. दादा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते. त्यात विनंती होती, आणि मोठ्या भावाने आपल्याला विनंती करावी ही गोष्ट मला इतकी नवी आणि गोड होती की ती लवकर संपू नये असे वाटले. मी पुठ्ठा जवळ ओढला. त्यावर आता एकच माणूस होता. मी म्हणाले, "दोरी बारीक आहे. सांभाळून कापावं लागेल."

हे माझे उत्तर होते. मी नीट वीस मिनिटे घेतली. मनगटांमधला पोकळ त्रिकोण काढला. मानेजवळची वळणे दोन्ही बाजूंनी येऊन कापली. तो सुटून टेबलावर पालथा पडला, आणि त्याच्या पाठीवर ती खुर्ची होती. माझे माप बरोबर होते. खुर्चीचे पाय मात्र त्याच्या आकारात न मावल्याने तुटले होते. दादाने त्याला उचलले, खुर्चीवर खळ लावली, फ्लॅनेल डकवले आणि अंगठ्याने कडा दाबल्या. मग तो म्हणाला, "छान कापलास."

दुसऱ्या दिवशी मुलांपुढे पपांनी त्याला डाव्या वधस्तंभापाशी टेकवायला लावले. "हा पश्चात्ताप न करणारा," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने विचारले, "गुरुजी, याचं नाव काय?"

"नाव दिलेलं नाही," पपा म्हणाले.

दादा फळ्याजवळच उभा होता. त्यानंतर तो चर्चमध्ये गायला नाही. इतर लोक गात तेव्हा तो पुस्तक उघडून ओठ मिटून उभा राही. पदवी झाल्यावर कर्जतला कालव्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला आणि तिथेच निवृत्त झाला. आमचे कधी भांडण झाले नाही. माझ्या लग्नात त्याने जेवणावळीची सगळी व्यवस्था पाहिली. पपांच्या अंत्यविधीला त्याने खांदा दिला आणि माती टाकली. तबकड्यांबद्दल त्याने एकदाच, बोलता बोलता सांगितले की वेष्टन नसल्यामुळे त्या उशीच्या अभ्र्यात ठेवल्या होत्या आणि कर्जतच्या पत्र्याच्या खोलीत एका उन्हाळ्यात त्या थाळ्यांसारख्या खोलगट झाल्या. ते त्याने हवामानाबद्दल सांगावे तसे सांगितले.

पपांच्या मागे त्यांचा फळा आणि चित्रांचे डबे माझ्याकडे आले. त्यातल्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ती त्रेचाळीस माणसे मी वेगळी ठेवली. मोरचूद घातलेली खळ फार टिकते. एकालाही कसर लागलेली नाही. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या मुलीने, म्हणजे दादाच्या नातीने, एस्तेरने, मी विचारल्यावर मला मोबाईलवर ते वेष्टन दाखवले. आता ते पुन्हा छापतात म्हणे. मी चष्मा लावून पाहिले. सगळे नगर उभे होते, आणि कितीतरी वेळ मला ती माणसे ओळखता येईनात, कारण त्यांच्यामधली जागा भरलेली होती.

या दिवाळीच्या सुट्टीत मी तो डबा पिशवीत घालून मिरजगावला गेले. दादा आता तिथे मुलीकडे राहतो. डबा त्याला द्यावा, असे मी ठरवले होते. काय बोलायचे तेही मी गाडीत जुळवले होते. दुपारची वेळ होती. तो ओसरीवर बसून ओल्या शेंगा सोलत होता, एस्तेर शेजारी अभ्यास करत होती. मी बसले, पाणी प्याले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग शेंगा सोलता सोलता तो गुणगुणू लागला. आवाज पिकला होता, पण श्वास अजून योग्य जागी घेत होता. मी चाल पहिल्या तीन स्वरांतच ओळखली.

"आजोबा, हे कुठलं गाणं?" एस्तेर म्हणाली. "तुम्ही कधीच म्हणत नाही."

दादा माझ्याकडे पाहत होता. "जुनं आहे," तो म्हणाला. "मिसनं शिकवलेलं. आजीला विचार. ती होती तिथं."

एस्तेर माझ्याकडे वळली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मी तो जाऊ दिला.

"हो, जुनं आहे," मी म्हणाले. "मिसनं शिकवलं होतं."

दादाने हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि टरफल बाजूला ठेवले. तो हसला, अगदी प्रेमळपणे, आणि पपांच्या आवाजात म्हणाला, "सहा शब्द झाले, विमल. त्या रविवारी एकही लागत नव्हता."

मग त्याने वाटी माझ्याकडे सरकवली आणि दाणे घ्यायला सांगितले. मी घेतले. ते गोड होते. संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले, आणि नगर येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसले, कारण प्रत्येक खड्ड्याला डब्यातली माणसे वाजत होती.